प्रोलॅक्टिनची गोळी आणि हृदयाच्या झडपा : घाबरून सोडू नका, न तपासता घेत राहू नका



विहारात होणाऱ्या आरोग्य बैठकींत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. "ताई, ती आठवड्यातून दोनदा घ्यायची हार्मोनची गोळी हार्टला लागते म्हणे. बंद करून टाकू का?" कुणाला मोबाईलवर निरोप आलेला असतो, कुणाला शेजारणीने सांगितलेले असते, कुणी गोळीच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद शाळकरी मुलाकडून वाचून घेतलेला असतो. ही गोळी म्हणजे कॅबरगोलिन. रक्तातले प्रोलॅक्टिन नावाचे हार्मोन वाढले की ती दिली जाते.

बैठकीत आम्हाला दोन प्रकारच्या भगिनी भेटतात. एक असे काही ऐकले की त्याच दिवशी गोळी बंद करते. दुसरी पाच-सहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून आजही तीच गोळी घेते. मधल्या काळात डॉक्टर बदललेले असतात, रक्त तपासलेले नसते, छातीला कुणी नळी लावलेली नसते. या दोघींनाही धोका आहे आणि हा लेख दोघींसाठी आहे. सांगायची गोष्ट थोडक्यात अशी : ही गोळी झडपांना बाधते की नाही, हे मुख्यतः आपण ती किती मात्रेत आणि एकूण किती घेतली यावर अवलंबून असते. तो आकडा काढता येतो. आपला आकडा आपल्याला माहीत असला, तर कधी निश्चिंत राहायचे आणि कधी तपासायचे हे कळते.

प्रोलॅक्टिन म्हणजे काय?

मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळाच्या मागे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिट्युटरी म्हणतात. तिच्यातून निघणाऱ्या हार्मोनपैकी एक म्हणजे प्रोलॅक्टिन. बाळंतिणीला दूध येते ते या हार्मोनमुळे. त्यामुळे गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना प्रोलॅक्टिन वाढलेले असणे हे निसर्गाचेच काम आहे, तो आजार नाही.

पण गर्भ नाही, अंगावर पिणारे बाळ नाही आणि तरीही हे हार्मोन वाढले तर शरीर गोंधळते. पाळी लांबते, कमी होते किंवा बंदच होते. स्तनातून दूध किंवा पांढरट पाणी येते. दिवस राहत नाहीत. पुरुषांतही हे हार्मोन असते. ते वाढले तर पुरुषाची इच्छा कमी होते, लैंगिक दुर्बलता येते, मूल होण्यात अडचण येते. पुरुष लाजेने बोलत नाहीत, म्हणून त्यांचा आजार उशिरा सापडतो. तोवर डोके दुखू लागलेले असते किंवा दोन्ही बाजूंचे दिसणे कमी झालेले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. लग्न न झालेल्या मुलीच्या स्तनातून दूध आले की आपल्याकडे दोनच निष्कर्ष काढले जातात. एक तर तिच्या चारित्र्यावर बोट, नाही तर बाहेरची बाधा. मराठवाड्यात भानामतीच्या नावाने कितीतरी मुलींना मांत्रिकासमोर बसवले गेले आहे. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. तरी घरातल्या माणसांचे डोळे उघडायचे काम कायदा एकटा करू शकत नाही. ते आपल्यालाच करायचे आहे. ज्या बाईला मूल होत नाही म्हणून सासरी वांझ म्हटले जाते, तिचीही एक साधी रक्ततपासणी राहून गेलेली असू शकते, आणि तिच्या नवऱ्याचीही. बाबासाहेबांनी धर्मांतराबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या घेतलेल्या घरात तरी मुलीला आधी डॉक्टरकडे नेले पाहिजे.

गोळी सुरू करण्याआधी कारण शोधा

रिपोर्टवर प्रोलॅक्टिनचा आकडा जास्त आला म्हणजे लगेच गोळी, असे नसते. आधी कारण शोधावे लागते. ही यादी कापून जवळ ठेवा.

१. गरोदरपण : पाळी चुकली असेल तर पहिली तपासणी हीच.

२. थायरॉईड : थायरॉईड कमी काम करत असेल तरी प्रोलॅक्टिन वाढते. टीएसएच ही रक्ततपासणी करावी. कारण थायरॉईडच असेल तर त्याच्या गोळीनेच प्रोलॅक्टिन खाली येते. मग कॅबरगोलिनची गरज पडत नाही.

३. दुसरी औषधे : उलटी, मळमळ, ॲसिडिटी आणि गॅससाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड आणि लेव्होसल्पिराइड या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढते. ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये यातले एखादे औषध मिसळलेले असते. डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन जा. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनीही हे होते. पण ती औषधे स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांनाच विचारा.

४. मूत्रपिंडाचा आजार आणि पीसीओडी : किडनी निकामी होत असेल तर प्रोलॅक्टिन वाढते. पीसीओडीमध्येही ते थोडे वाढलेले आढळू शकते.

५. घाबरणे, ताण : सुई टोचताना खूप घाबरलो तरी आकडा थोडा वाढतो. म्हणून थोडासाच वाढलेला असेल तर शांत बसून, दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्यावे.

यातले काही नसेल आणि आकडा बराच वाढलेला असेल, तर पिट्युटरीचा एमआरआय सांगितला जातो. तिथे प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ सापडू शकते. गाठ हा शब्द ऐकून हातपाय गाळू नका. ही गाठ जवळजवळ नेहमीच कॅन्सरची नसते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ती लहान गाठ, त्याहून मोठी असेल तर मोठी गाठ म्हणतात. मोठी गाठ डोळ्यांच्या नसेवर दाब देऊ शकते, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

गोळी काय काम करते?

प्रोलॅक्टिनला आवर घालणारे रसायन मेंदूत तयार होते, त्याचे नाव डोपामिन. कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन या दोन्ही गोळ्या डोपामिनसारखे काम करतात. त्यांनी प्रोलॅक्टिन उतरते, पाळी सुरू होते, दूध थांबते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. एवढेच नव्हे तर गाठही आकसते. मेंदूच्या बुडाशी असलेली गाठ बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेशिवाय, नुसत्या गोळीने लहान होते ही वैद्यकशास्त्रातली मोठी गोष्ट आहे. म्हणूनच ही गोळी उगीच बदनाम होऊ नये असे आम्हाला वाटते.

ब्रोमोक्रिप्टिन रोज घ्यावी लागते आणि तिने मळमळ जास्त होते. कॅबरगोलिन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा घेतात. बहुधा ०.२५ मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून दोनदा अशी सुरुवात होते आणि रक्त तपासून मात्रा वाढवतात. रात्री जेवणानंतर घेतली तर चक्कर आणि मळमळ कमी होते. क्वचित कुणाला या औषधाने स्वभावात बदल जाणवतो. जुगार, उधळपट्टी, कशाचा तरी अनावर नाद लागतो. घरच्यांनी हे ओळखून डॉक्टरांना सांगावे.

मग हृदयाचा प्रश्न आला कुठून?

आपल्या हृदयाला चार झडपा असतात. लोक त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला जसा पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह असतो, तसेच हे काम. रक्त पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही. झडप जाड आणि ताठ झाली तर ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळते.

कॅबरगोलिन ज्या औषधांच्या घराण्यातली आहे त्याचे मूळ अरगट नावाच्या बुरशीत आहे. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट आपल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. त्याच कुळातली बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते आणि तिच्यापासून अनेक औषधे निघाली. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाणारे मिथाइल अर्गोमेट्रिनचे इंजेक्शन याच घराण्यातले. ते तेवढ्यापुरते दिले जाते, म्हणून झडपांचा प्रश्न येत नाही. पण या घराण्यातली काही औषधे वर्षानुवर्षे घेतली तर झडपा जाड होतात, हे अर्धशिशीवरच्या मेथिसर्जाइड या जुन्या औषधामुळे डॉक्टरांच्या फार पूर्वीच लक्षात आले होते. पुढे १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन हे वजन कमी करण्याचे औषध झडपांच्या दोषामुळेच अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. ते अरगटचे नाही, पण नुकसान करण्याची वाट तीच. झडपेतल्या पेशींवर सेरोटोनिन नावाच्या रसायनाचे एक विशिष्ट कुलूप असते. ही औषधे त्या कुलपात चावीसारखी बसतात आणि पेशींना वाढायला लावतात. कॅबरगोलिन या कुलपात चांगली बसते. ब्रोमोक्रिप्टिन तेवढी बसत नाही, म्हणून तिचा धोका कमी मानला जातो.

जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास एकाच वेळी छापून आले. दोन्ही पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या रुग्णांवरचे होते. इटलीतल्या डॉक्टरांनी या रुग्णांचे इको केले. कॅबरगोलिन घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे २९ जणांच्या झडपा लक्षात घेण्याइतक्या गळत होत्या. ज्यांना असे कोणतेच औषध नव्हते त्यांच्यात हे प्रमाण शंभरात सुमारे ६ होते. ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून केलेल्या दुसऱ्या अभ्यासानेही तेच सांगितले. त्याच वर्षी मार्चमध्ये पर्गोलाइड हे या घराण्यातले दुसरे औषध अमेरिकेत बंद झाले. मोबाईलवर फिरणारी भीती इथून आली आहे. बातमी खरी आहे, पण अर्धीच आपल्यापर्यंत पोचली.

राहिलेली अर्धी बातमी : मात्रा

कंपवाताचे रुग्ण कॅबरगोलिन रोज घेत. दिवसाला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत धोका ठळकपणे दिसला. ३ मिलिग्रॅम रोज म्हणजे आठवड्याला २१ मिलिग्रॅम. प्रोलॅक्टिनसाठी आपली भगिनी सुरुवातीला घेते ती आठवड्याला अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे बेचाळीस पट कमी. मूठभर मीठ आणि चिमूटभर मीठ यांत जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे.

मग एवढ्या कमी मात्रेत काय होते? याचे उत्तर शोधणारा एक अभ्यास आपल्याच राज्यात झाला. मुंबईत परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात हार्मोनच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून प्रोलॅक्टिनच्या गाठीसाठी कॅबरगोलिन घेणाऱ्या शंभर रुग्णांचे इको केले. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा की आजवर घेतलेली एकूण मात्रा सुमारे ३०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ही गोळी झडपांसाठी सुरक्षित दिसते, आणि ज्यांची एकूण मात्रा त्याहून जास्त झाली त्यांच्याकडे तपासणीसाठी विशेष लक्ष द्यावे. महापालिकेच्या दवाखान्यात येणाऱ्या आपल्यासारख्याच माणसांवरचा हा अभ्यास आहे, म्हणून आम्हाला तो मोलाचा वाटतो. मात्र तो शंभर जणांचाच आहे हेही लक्षात ठेवावे. शंभर जणांत न दिसलेली गोष्ट हजारात एखाद्याला होऊ शकते. शिवाय ३०० ही काही विषाची रेघ नाही. ३०१ व्या मिलिग्रॅमला झडप खराब होते असे नव्हे. तिथवर डॉक्टरांना दिलासा मिळाला आहे, त्यापुढे डोळे उघडे ठेवून चालायचे, एवढाच त्याचा अर्थ.

आपला आकडा काढा

वर्षाचे बावन्न आठवडे धरायचे आणि आठवड्याच्या मिलिग्रॅमने गुणायचे.

०.२५ ची गोळी आठवड्यातून दोनदा : आठवड्याला ०.५, वर्षाला २६ मिलिग्रॅम. ३०० पर्यंत पोचायला साडेअकरा वर्षे.

०.५ ची गोळी आठवड्यातून दोनदा : आठवड्याला १, वर्षाला ५२ मिलिग्रॅम. ३०० पर्यंत पोचायला पावणेसहा वर्षांहून थोडे जास्त.

आठवड्याला २ मिलिग्रॅम : वर्षाला १०४. ३०० पर्यंत पोचायला तीन वर्षांना थोडे कमी.

आठवड्याला ३ मिलिग्रॅम : वर्षाला १५६. दोन वर्षांच्या आतच ३००.

समजा एका ताईने पहिले वर्ष ०.२५ ची गोळी दोनदा घेतली, म्हणजे २६. पुढची चार वर्षे ०.५ ची दोनदा, म्हणजे २०८. एकूण २३४ मिलिग्रॅम. मध्ये काही महिने गोळी बंद असेल तर तेवढे वजा करायचे. पाचवी शिकलेल्या मुलीला हे गणित येते. तिलाच वहीत मांडायला सांगा, म्हणजे आईचा आजार तिलाही समजेल.

हा हिशेब आपणच का ठेवायचा? कारण तो दुसऱ्या कुणाकडे नसतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने परजिल्ह्यात राहतात. तिथे गोळी संपली की तिथल्या मेडिकलवरून घेतली जाते, परत आल्यावर इथला डॉक्टर नवी चिठ्ठी लिहितो. जालन्याचा एक डॉक्टर, संभाजीनगरचा दुसरा, कारखान्यावरचा तिसरा. प्रत्येकाला आपापलीच चिठ्ठी माहीत. एका भगिनीच्या पिशवीत आम्हाला तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सापडल्या. तिघांनीही चांगल्या हेतूने तीच गोळी लिहिली होती, पण सात वर्षांची बेरीज कुणीच केलेली नव्हती. डॉक्टरला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. कागद रुग्णाच्या हातात असला तर सुटतो.

इको कधी करायचा?

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, दुखत नाही. छातीला जेल लावून यंत्र फिरवतात आणि पडद्यावर झडपा उघडताना-मिटताना दिसतात. अर्ध्या तासाचे काम. तपासणारी महिला असावी किंवा सोबत बाई असावी असे वाटत असेल तर तसे मोकळेपणाने सांगा.

२०१९ मध्ये ब्रिटनमधल्या इको, हृदयझडपा आणि हार्मोन या तिन्ही विषयांच्या डॉक्टरांच्या संस्थांनी एकत्र बसून सोपा नियम सांगितला. गोळी सुरू करण्यापूर्वी एक इको. आठवड्याची मात्रा २ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर पुढचा इको पाच वर्षांनी. २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर दरवर्षी. केईएमचा अभ्यास आणि हा नियम शेजारी ठेवला तर रुग्णाच्या कामाची गोष्ट सारखीच निघते : कमी मात्रेत वारंवार इकोवर पैसे घालवू नका, जास्त मात्रेत इको टाळू नका. आपल्यासाठी नक्की कधी, हे आपले डॉक्टर ठरवतील. पण प्रश्न आपण विचारायचा.

सुरुवातीचा इको आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग गुडघे, घोटे सुजतात. हा संधिवाताचा ताप वेळीच ओळखला गेला नाही तर झडप कायमची खराब करून जातो. दाटीवाटीच्या, ओलसर घरांत वाढलेल्या गरीब मुलांमध्ये तो जास्त होतो, म्हणजे आपल्या वस्त्यांमध्ये. अशा मुलीला विशी-पंचविशीत प्रोलॅक्टिनचा त्रास झाला आणि आधी इको न करताच कॅबरगोलिन सुरू झाली, तर आधीच दुबळ्या झडपेवर आणखी भार पडू शकतो. शिवाय पुढे दोष सापडला तर तो जुना की गोळीचा हे कळत नाही. लहानपणी "सांध्याचा ताप" आला होता, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागत होते, असे काही आठवत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. झडपेचा आजार आधीच असेल तर डॉक्टर वेगळे औषध निवडू शकतात.

रिपोर्ट हातात आला की "रेग्युर्जिटेशन" हा शब्द पाहून रडू नका. त्याचा अर्थ गळती. "ट्रेस" किंवा "ट्रिव्हियल" म्हणजे नाममात्र गळती, ती निरोगी माणसांतही दिसते. "माइल्ड" म्हणजे सौम्य, डॉक्टरांना दाखवून लक्ष ठेवायचे. "मॉडरेट" किंवा "सिव्हिअर" लिहिले असेल, किंवा झडपा जाड, ताठ झाल्या असे लिहिले असेल, तर उशीर न करता हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचे. इकोच्या मधल्या वर्षांत डॉक्टरांनी दर भेटीत छातीला नळी लावून ऐकावे. ते विसरले तर "डॉक्टर, झडपेचा आवाज ऐकता का?" असे विचारायला संकोच करू नका.

गोळी कायमची आहे का?

बहुतेकांना हे कुणी सांगतच नाही. गोळी निदान दोन वर्षे घेतली, प्रोलॅक्टिन सातत्याने नॉर्मल आहे आणि एमआरआयमध्ये गाठ दिसत नाही, अशा वेळी डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करून गोळी थांबवून पाहू शकतात. काहींचे प्रोलॅक्टिन पुन्हा वाढते, म्हणून थांबवल्यावरही रक्त तपासत राहावे लागते. पाळी कायमची गेल्यावरही गोळीची गरज नव्याने तपासावी. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना कळवा. लहान गाठ असेल तर त्या काळात गोळी सहसा थांबवली जाते. मोठी गाठ असेल तर निर्णय वेगळा असतो.

पण आपल्या मनाने अचानक थांबवू नका, विशेषतः मोठी गाठ असेल तर. गाठ पुन्हा वाढली तर दृष्टी जाऊ शकते. न झालेल्या झडपेच्या आजाराच्या भीतीने डोळे गमावायचे, हा सौदा कुणी करू नये.

बाळ दगावल्यावर किंवा गर्भपात झाल्यावर दूध आटवण्यासाठी कॅबरगोलिन एकदा-दोनदाच देतात. त्या भगिनींनी झडपांची काळजी करण्याचे कारण नाही.

लगेच दवाखाना गाठा

चालताना, जिना चढताना नवा दम लागतो, उताणे झोपता येत नाही, पाय सुजतात, छातीत धडधडते, खोकला हटत नाही : हृदय तपासून घ्या.

अचानक भयंकर डोके दुखून उलट्या होतात, नजर जाते, एकाचे दोन दिसतात : थांबू नका, १०८ ला फोन करा.

मोठ्या गाठीवर गोळी सुरू असताना नाकातून पाण्यासारखे सतत गळते : सर्दी समजू नका, डॉक्टरांना सांगा.

खर्च आणि हक्क

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. म्हणून सुरुवात जालन्याच्या जिल्हा रुग्णालयातून किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून करा. टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि इको यांपैकी काय इथे होते, काय नाही, हे विचारा. जे होत नाही त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची चिठ्ठी मागा. झडपेचे ऑपरेशन करण्याची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याची सोय आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

हे मागताना मान खाली घालू नका. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी या खर्चाचा भार सरकारने उचलला पाहिजे अशी भूमिका घेतली होती. बाईचे आरोग्य ही तिची खासगी अडचण नसून समाजाची जबाबदारी आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितले. इकोसाठी विचारणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

वहीच्या एका पानावर

घरात कुणीही कॅबरगोलिन घेत असेल तर येत्या रविवारी वंदनेनंतर एक वही घ्या आणि पहिल्या पानावर एवढे लिहा :

गोळी कधी सुरू झाली, महिना आणि वर्ष.
किती मिलिग्रॅमची, आठवड्यातून किती वेळा. मात्रा बदलली ती तारीख.
मध्ये कधी बंद होती.
आजवरची एकूण बेरीज.
शेवटचे प्रोलॅक्टिन, टीएसएच, एमआरआय : तारीख आणि आकडा.
इको झाला का, कधी, काय लिहिले आहे.
सोबत चालू असलेल्या इतर सर्व गोळ्या.
लहानपणी सांध्याचा ताप आला होता का.

रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्येही ठेवा. ऊसतोडीला जाताना वही सोबत न्या. घरातल्या पुरुषांनी हे काम बायकांचे म्हणून बाजूला सारू नये. वही लिहिणे आणि तपासणीच्या दिवशी सोबत जाणे हे त्यांचेही काम आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन विहारातल्या बैठकीला यावे, आपण मिळून बेरीज करू.

तथागतांनी पोटाच्या आजाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या, कुणी विचारत नसलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे संघाला सांगितले. त्यांनीच ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नये, असे कालामांना शिकवले. आपल्या शेजारच्या ताईला मोबाईलवरचा निरोप पुढे पाठवण्याऐवजी तिच्या गोळ्यांची बेरीज करून देऊ या. आकडा कमी निघाला तर तिची झोप परत येईल. जास्त निघाला तर वेळेवर इको होईल. आणि गोळी कमी करायची की बदलायची, हे ती डॉक्टरांच्या समोर बसून, आपला कागद पुढे ठेवून ठरवेल.

पुढच्या अंकात थायरॉईडची माहिती घेऊ. आपले प्रश्न विहारातल्या पेटीत टाका, नाव लिहिण्याची गरज नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.